टोरोंटोत रॅकूनांच्या शेजारात १४ महिने: हिरवा डबा, पोटमाळा आणि काकघास

सात वर्षं चौदाव्या मजल्यावर काढल्यावर गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही टोरोंटोच्या ईस्ट यॉर्क भागात एक जुनं, विटांचं, बुटकं घर घेतलं. किल्ल्या देताना आधीच्या मालकीणबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. फर्नेसचा फिल्टर कधी बदलायचा, तळघरात पाणी कुठून झिरपतं, आणि रात्री ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्याची मूठ फिरवल्याशिवाय झोपायचं नाही. पहिल्या दोन मी वहीत लिहून घेतल्या. तिसरी लिहिली नाही.

फ्लॅट सोडून घरात जाणारे ओळखीचे लोक हल्ली हटकून मला रॅकूनांबद्दल, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेल्या, रात्री कचऱ्यात हात घालणाऱ्या इथल्या जनावरांबद्दल विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी डबा. तो विकत घ्यावा लागत नाही, घरासोबतच येतो. ओल्या कचऱ्याचा पूर्वीचा डबा लहान होता आणि त्याची कडी उघडायला इथले रॅकून केव्हाच शिकले होते. २०१५ मध्ये तेव्हाचे महापौर जॉन टोरी यांनी नवा, मोठा, रॅकूनला दाद न देणारा डबा जाहीर केला आणि २०१६ पासून तो घरोघर पोचला. या कामाचा खर्च ३ कोटी १० लाख डॉलर. आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्यात आमच्या अख्ख्या चिपळूणचा कचरा उचलून झाला असता."

यंत्रणा मात्र साधी आहे. झाकणावर एक फिरवायची मूठ असते, ती वळवली की आत खटका बसतो. रॅकूनच्या पुढच्या पंजांना आपल्यासारखीच पाच बोटं असतात, पण त्याचा अंगठा बाकीच्या बोटांसमोर येत नाही. खेचणं, उचकटणं, कडी वर सारणं त्याला जमतं. मूठ धरून पिळणं जड जातं. कचऱ्याच्या गाडीने डबा उचलून उलटा केला की खटका आपोआप सुटतो, त्यामुळे डबा बंद ठेवूनच रस्त्याच्या कडेला लावता येतो. सकाळी सातच्या आत तो बाहेर हवा आणि आमच्या घरात सातच्या आत कुणीच शहाणं नसतं, तेव्हा ही सोय मोठीच.

पहिला फजितीचा प्रसंग अर्थात आंब्यांमुळे. जूनमध्ये इंडियन स्टोअरमधून केसरच्या दोन पेट्या आणल्या, आमरस झाला, पाहुणे झाले. साली आणि कोयींनी डबा इतका भरला की झाकण दोन बोटं उघडंच राहिलं. नवऱ्याने मूठ फिरवली, पण खटका हवेतच फिरला. रात्री दोन वाजता मागच्या अंगणात धप्प आवाज झाला. खिडकीतून पाहिलं तर डबा आडवा, साली डेकभर (डेक म्हणजे घरामागचा लाकडी ओटा), आणि एक धिप्पाड रॅकून तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत कोय बुडवून दोन्ही हातांनी चोळत बसलेला. माझ्याकडे पाहिलं, डोळे चमकले, आणि काम पुढे सुरू. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'लोटोर' या शब्दाचा अर्थ धुणारा असा आहे, पण ते खरं धुणं नव्हे. त्याच्या पंजांची स्पर्शाची जाण विलक्षण तीक्ष्ण असते, आणि ओल्या पंजांनी चाचपताना ती आणखी वाढते. 'रॅकून' हे नाव ज्यावरून आलं तो पोहॅटन या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्दही 'हातांनी खरवडणारा' अशाच अर्थाचा. तो त्या रात्री मला पटला.

तेव्हापासून कोयी, मासळीचे काटे आणि कोंबडीची हाडं आम्ही फ्रीझरमध्ये पिशवीत साठवतो आणि गाडी येण्याच्या आदल्या रात्रीच डब्यात टाकतो. वास नाही, गर्दी नाही. चौदा महिन्यांत याहून उपयोगी दुसरी युक्ती मला सापडली नाही आणि तिला पैसा लागत नाही. डब्याला मी पाचपैकी चार तारे देईन. एक तारा हिवाळ्यासाठी राखून ठेवलाय, कारण उणे पंधरात बर्फ बसला की मूठ हलत नाही. तेव्हा माझी बोटंही हलत नाहीत, त्यामुळे दोष कुणाचा हे सांगणं कठीण.

आता फसलेले उपाय. डेकच्या पायऱ्यांवर मालवणी मसाला टाकला, पहिल्याच पावसात तो वाहून गेला आणि आठवडाभर आम्हीच शिंकत होतो. हालचाल टिपणारा दिवा लावला, तर त्यांना अन्न जास्त स्पष्ट दिसू लागलं. हालचालीवर पाणी उडवणारा फवारा दहा दिवस चालला. ऑक्टोबरमध्ये अंगणात नवं गवत अंथरलं होतं, त्याखालच्या अळ्यांसाठी एका रात्रीत त्यांनी ते सतरंजी गुंडाळावी तसं गुंडाळून ठेवलं. नासधूस म्हणावी तर घडी इतकी नीट, की सकाळी आम्ही ते परत उलगडून पाणी घातलं आणि बरंचसं जगलं.

सासूबाई ऑगस्टमध्ये चिपळूणहून आल्या. त्यांनी रॅकून पहिल्यांदा पाहिला आणि लगेच निकाल दिला, "हा कांडेचोरच की गो." कोकणात उदमांजराला कांडेचोर म्हणतात. माळ्यावर राहणारं, रात्री फिरणारं, फळांवर डोळा ठेवणारं जनावर त्यांच्या माहेरच्या घरातही होतं. नातं तसं काही नाही, दोघांची कुळं वेगळी, पण घरात तेव्हापासून हेच नाव रूढ झालं.

मग पितृपक्ष आला. सासऱ्यांची तिथी. खीर, वडे, भाजी, सगळा स्वयंपाक झाला आणि सासूबाईंनी डेकच्या कठड्यावर काकघास ठेवला. टोरोंटोत कावळे भरपूर आहेत, पण त्यांना आमंत्रणाची ही पद्धत ठाऊक नाही. एक वाजला, दोन वाजले. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "नातवाची मुंज करू हो, आता तरी शिवा." कावळे समोरच्या मेपलवर बसून बघत राहिले. पान उचलू या म्हटलं तर त्या तयार होईनात. रात्री साडेनऊला कांडेचोर आला, सोबत तीन पोरं घेऊन, म्हणजे ती कांडेचोरीण. आधी वडा, मग खीर. वरणभाताला हात लावून सोडून दिला. सासूबाई काचेमागून पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्यांनासुद्धा वरणभात कधी आवडला नाही."

मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोर्तुगीज आजोबांनी कुंपणावरून हळूच सांगितलं की वन्य प्राण्यांना खायला घालायला शहरात बंदी आहे आणि त्याला कारणही आहे. एकदा मिळालं की ती रोज येते, पोरांना घेऊन येते, आणि पोरं तेच शिकतात. तसंच झालं. पुढचे तीन आठवडे ती साडेनऊच्या ठोक्याला कठड्यावर हजर. या शहराचं रॅकूनांशी नातं असंच दुहेरी आहे. २०१५ च्या जुलैमध्ये यंग स्ट्रीटवर एक रॅकून मरून पडला आणि तासन् तास तसाच राहिला, तर लोकांनी त्याच्याभोवती फुलं, मेणबत्त्या मांडल्या, चौकटीतला फोटो ठेवला आणि त्याचं कॉनराड असं नावही ठेवलं. तीच माणसं घरी जाऊन डब्यावर वीट ठेवत असणार.

खरी किंमत मोजली ती मार्चमध्ये. रात्री झोपायच्या खोलीवर जड पावलांचा आवाज. उंदीर नाही हे लगेच कळलं, कारण उंदीर धावतो आणि हे चालत होतं. रॅकून हिवाळाभर गाढ झोपत नाही, कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे बिळात पडून राहतो आणि ऊब आली की हिंडतो. वसंतात विणीसाठी मादीला कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि आमच्या छपराच्या कडेखालची पट्टी, जिला इथे सॉफिट म्हणतात, एका कोपऱ्यात कुजली होती. तिने ती सोलली. एप्रिलच्या मध्यात वरून चिवचिवाट ऐकू येऊ लागला. नवरा म्हणाला, पक्ष्यांनी घरटं केलंय. रॅकूनच्या पिल्लांचा आवाज अगदी तसाच असतो, फसू नका.

घरात शिरलेले प्राणी काढणाऱ्यांना बोलावलं. पहिला आलेला माणूस म्हणाला, पिंजरा लावतो, पकडतो, लांब जंगलात सोडतो. ऐकायला छान वाटतं. पण ऑंटारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, पकडलेला प्राणी २४ तासांत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. शिवाय आई लांब गेली तर वर पिल्लं मरणार, आणि मग वास, माश्या, छप्पर उघडणं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरी आली ती एक बाई, तिने काम नीट केलं. ती आधी स्वतः पोटमाळ्यावर सरपटत गेली, इन्सुलेशनमधून हातमोज्यांनी चार पिल्लं उचलून आणली आणि ऊब राहील अशा पेटीत घालून छपरावर, भोकाशेजारीच ठेवली. भोकावर एकाच बाजूने उघडणारं दार बसवलं, म्हणजे मादी बाहेर येऊ शकते, आत जाऊ शकत नाही. बाकी सगळ्या फटींना जाड गॅल्व्हनाइज्ड जाळी ठोकली. मादीकडे एकाहून जास्त बिळं असतातच. त्या रात्री मी आणि मुलगी दिवे मालवून खिडकीत बसलो. अकराच्या सुमारास ती बाहेर आली, पेटी चाचपली, एका पिल्लाला मानेला तोंडात धरलं आणि कुंपणावरून चालत गेली. वीस मिनिटांनी परत. चारही पिल्लं हलवायला तिला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री ती छपरावर आली, जाळी एकदा सगळीकडून चाचपून पाहिली आणि निघून गेली. खर्च साडेनऊशे डॉलर, सॉफिटची दुरुस्ती वेगळी. घर घेणाऱ्यांनी कुजक्या कडा फेब्रुवारीच्या आत बघून घ्याव्यात. पिल्लं झाल्यावर सगळंच महाग पडतं.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. रॅकून शौचाला ठरावीक जागीच जातात. आमच्याकडे ती जागा गॅरेजच्या सपाट छपरावर निघाली. त्यांच्या विष्ठेत गोलकृमींची अंडी असू शकतात, ती दोन-चार आठवड्यांनी संसर्गजन्य होतात आणि माणसाच्या मेंदूपर्यंत, डोळ्यांपर्यंत पोचू शकतात. ब्लीचने ती मरत नाहीत, उकळतं पाणी लागतं. मास्क, हातमोजे, आणि ताजी असतानाच सफाई. मुलांचा वाळूचा हौद असेल तर रात्री झाकाच.

रेबीजची भीती आपल्या मनात भटक्या कुत्र्यांमुळे आधीच असते. इथे २०१५ च्या अखेरीस हॅमिल्टन भागात रॅकूनांमधला रेबीज पुन्हा दिसला आणि तेव्हापासून लस भरलेली आमिषं टाकण्याची मोहीम तिथे झाली. दिवसा दिसलेला प्रत्येक रॅकून पिसाळलेला नसतो, पिल्लांची आई भुकेने दुपारीही बाहेर पडते. पण झिंगल्यासारखा चालणारा, माणसाला न घाबरणारा दिसला तर जवळ न जाता ३११ ला, म्हणजे महापालिकेच्या मदत क्रमांकावर, फोन करायचा. त्यांच्यात डिस्टेंपर हा विषाणूचा रोगही होतो. तो माणसाला होत नाही, कुत्र्याला होतो, तेव्हा कुत्र्याच्या लसी चुकवू नयेत.

सध्या ती आणि पोरं दोन घरं पलीकडच्या शेडखाली असावीत. संध्याकाळी कुंपणावरून रांगेने जातात. डब्यापाशी थांबून मूठ हाताळून बघतात, अगदी रोज, एखाद्या दिवशी आम्ही विसरू म्हणून. मोठे रस्ते ओलांडणं हे शहरी रॅकून टाळतात, असं यॉर्क विद्यापीठाच्या सुझॅन मॅकडॉनल्ड यांना जीपीएस पट्टे लावून दिसलं होतं. म्हणजे आमची ही मंडळी डॅनफोर्थ हा जवळचा मोठा रस्ता पार करून कुठे जाणार नाहीत. आम्हीही नाही.

यंदाच्या तिथीचं परवा फोनवर ठरलं. पान इथे ठेवायचं नाही, चिपळूणला दिरांनी ठेवायचं आणि आम्हाला व्हिडिओवर दाखवायचं. दीर म्हणाले, "ठेवतो, पण वहिनी, आमच्याकडे आता कावळ्याच्या आधी माकडं येतात."