एआय वॉर : फ्लीट कमांड, आठ महिने खेळल्यानंतर

८० ग्रहांचा नकाशा, त्यातला १ आपला आणि बाकी सगळे शत्रूचे, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या दोन एआयचे. म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधीच माणसं युद्ध हरून बसलीयेत आणि आपण उरलेल्या मूठभर लोकांना घेऊन उभं राहायचं. मार्चपासून खेळतेय, दर शनिवारी रात्री जेवणं उरकली की मी इकडे पुण्यात आणि धाकटा भाऊ तिकडे नाशिकला, हेडफोन लावून दोघं एकाच बाजूने. तीन मोहिमा झाल्या, दोन हरलो, एक जिंकलो, चौथी चालू आहे.

गेम २००९ चा आहे, आर्सेन गेम्स नावाच्या छोट्या इंडी कंपनीचा, डिझाइन ख्रिस पार्कचं. जुना आहे म्हणून सोडून देऊ नका, कारण यातली मुख्य कल्पना मला दुसऱ्या कुठल्याच स्ट्रॅटेजी गेममध्ये इतकी नीट मिळाली नाही.

ती कल्पना म्हणजे एआय प्रोग्रेस नावाचा एक आकडा. शत्रूचं कमांड स्टेशन, म्हणजे ग्रहाचा ताबा ज्याच्या हातात तो तळ, पाडून ग्रह घेतला की तो साधारण २० ने वाढतो. सुरुवातीला एआय आपल्याला मोजतच नाही, त्याची खरी ताकद दुसरीकडे कुठेतरी गुंतलेली असते, पण आपण एकेक ग्रह घेत गेलो की त्याला जाग येत जाते, वेव्ह, म्हणजे हल्ल्याच्या लाटा, मोठ्या होतात, पुढे जहाजंही वरच्या मार्कची (दर्जाची) यायला लागतात. बाकीच्या गेमनी आपल्याला सवय लावलीय ना, दिसेल ते घ्या आणि नकाशा आपल्या रंगाचा करत सुटा, तीच सवय इथे जीव घेते. पहिल्या मोहिमेत आम्ही १७ ग्रह घेतले, दोघंही जाम खुश, आणि मग एका रात्री अशी वेव्ह आली की टरेट (तोफा), फोर्स फील्ड (संरक्षक कवच) सगळं साफ करत थेट होम कमांड स्टेशनवर, आणि ते पडलं की खेळ खलास.

त्यानंतर खरा गेम कळला. कुठला ग्रह घ्यायचा यापेक्षा कुठला सोडायचा यावरच आमची अर्धी रात्र जाते. अॅडव्हान्स्ड रिसर्च स्टेशन असेल तर नवीन प्रकारचं जहाज मिळतं, तिथे २० मोजायला हरकत नाही. नुसताच वाटेत आडवा येणारा ग्रह असेल तर त्याच्या गार्ड पोस्ट (पहाऱ्याची ठाणी) पाडायच्या आणि कमांड स्टेशनला हात लावायचा नाही, ग्रह एआयचाच राहतो पण दात काढलेल्या सापासारखा, आणि आकडा वाढत नाही. एआयचं डेटा सेंटर पाडलं तर आकडा उलट खाली येतो, म्हणून मग रेड स्टारशिप (धाडी घालायचं जहाज) घेऊन खोल आत घुसायचं, तेवढं एकच पाडायचं आणि मागे न बघता परत. चौथीच्या इतिहासात वाचलेला गनिमी कावा मला इथे हाताने करून समजला, खरंच.

आणि एआय बावळट नाही. हरतोय असं दिसलं की त्याची जहाजं माघार घेतात, शेजारच्या ग्रहावर जमून थांबतात आणि आपला ताफा लांब गेला रे गेला की घुसतात. आम्ही ५ च्या डिफिकल्टीवर शिकलो, आता ७ वर खेळतोय, फरक लगेच जाणवतो.

लोकांच्या तक्रारी असतात की ट्युटोरियल लांबलचक आहे, वाचायला फार लागतं, झूम आउट केलं की नुसते आयकॉन दिसतात. बरोबर आहे सगळं. एक मोहीम १० तासांच्या वर सहज जाते, आमच्या तर महिना महिना चालतात, त्यामुळे पटकन अर्धा तास खेळून उठायचं असेल त्यांनी घेऊ नये. दिसायला जरा बरा हवा असेल तर २०१९ ला दुसरा भाग आलाय, तो थ्रीडी आहे. पण भावाच्या जुन्या लॅपटॉपवर, ज्यात वेगळं ग्राफिक्स कार्डही नाही, त्यावर हा पहिला हजारो जहाजांसकट चालतो, आणि पॉज करून निवांत ऑर्डर देता येतात, घाईघाईने क्लिक करत बसावं लागत नाही. मला ते फार आवडतं.

सध्या आमच्याकडे ९ ग्रह आहेत, दोन डेटा सेंटर पाडलीयेत, आकडा १४० च्या आसपास. जिंकायला दोन्ही एआयची होम स्टेशनं पाडावी लागतात, त्यातलं एक सापडलंय, दुसरं स्काउटना (टेहळणीच्या जहाजांना) अजून दिसलेलं नाही. वाटेत मार्क ४ चा एक ग्रह आहे ज्यावर रिसर्च स्टेशन आहे, मला तो हवाय, भाऊ म्हणतो, "ताई, नको, त्याला हात लावला तर पुढची वेव्ह आपल्याला झेपणार नाही." गेल्या शनिवारी दोन वाजेपर्यंत यावरच बोलत बसलो आणि सेव्ह करून उठलो. अजून ठरलेलं नाही.