मॉन्टेसरी, बालवाडी की अंगणवाडी? तीन वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना

गेल्या उन्हाळ्यात भाचीसाठी शाळा बघत बहिणीबरोबर मी बरीच फिरले. सगळीकडे आधी फी सांगत, मग मूल कधी लिहायला लागेल ते. मला विचारायचं होतं वेगळंच. एकाने दुसऱ्याच्या हातातली गाडी ओढून घेतली, की ताई काय करतात? तीन ते सहा या वर्षांत मुलाला अक्षरांच्या आधी हेच शिकायचं असतं: वाट कशी बघायची, रडू आलं तर कुणाजवळ जायचं, मला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसेल हे कसं ओळखायचं. ही शेवटची समज तर साधारण चौथ्या वर्षाच्या आसपासच येते. म्हणून तिन्ही पर्याय मी याच कसोटीवर लावून पाहिले.

इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. त्यांच्या पद्धतीतली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे खोलीत प्रत्येक साधन एकच असतं. गुलाबी मनोऱ्याचे, म्हणजे मोठ्यापासून लहानापर्यंत एकावर एक रचायचे, दहा ठोकळे एका मुलाने चटईवर मांडले, की दुसऱ्याला थांबावं लागतं किंवा दुसरं काही घ्यावं लागतं. वाट बघणं तिथे कुणी सांगून शिकवत नाही, खोलीची मांडणीच ते शिकवते. तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असल्यामुळे मोठं मूल धाकट्याला बटण लावून देतं. गोंगाटाने घाबरणारं, आपल्यातच रमणारं मूल अशा वर्गात खुलतं.

मला तिथे कमी वाटली ती भातुकली. मॉन्टेसरींचा कल या वयात लुटुपुटुच्या खेळापेक्षा खऱ्या कामाकडे होता: खरं पाणी ओतायचं, खरी काकडी चिरायची. त्यात हात आणि लक्ष दोन्ही स्थिरावतात. पण ‘तू आई, मी डॉक्टर’ हे ठरवताना मुलांची जी घासाघीस चालते, तिला तोड नाही. खेळात बाळ बनलेल्या मुलीला मध्येच उठून पळावंसं वाटतं, तरी ती पडून राहते, कारण बाळ पळत नाही. मनाला आवर घालण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. आणखी एक: ‘मॉन्टेसरी’ हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. मुलांना सलग दोन-अडीच तास स्वतः निवडलेलं काम करू देतात का, ते बघा. दर अर्ध्या तासाने घंटा वाजून विषय बदलत असेल, तर ती मॉन्टेसरी नुसती नावाची.

आपली बालवाडी याच मुळातून आली. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या कामाला सुरुवात केली, ती मॉन्टेसरींच्याच विचारांवर. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, दगड, पानं आणली. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. चांगल्या बालवाडीत आजही गाणी, गोष्टी आणि मोकळा खेळ भरपूर असतो. भांडणंही भरपूर होतात, आणि मला ती हवीच आहेत. फक्त तिथे ताईची कसोटी लागते. ‘सॉरी म्हण’ म्हणून विषय संपवणारी ताई एकीकडे. दुसरीकडे खाली बसून ‘त्याने गाडी ओढली, तुला राग आला. आता काय करूया?’ असं विचारणारी. एका ताईकडे चाळीस मुलं असतील, तर अशी खाली बसून विचारणारी ताई मिळणं कठीण. बुजरं मूल कोपऱ्यातच राहतं.

(तिसऱ्या वर्षी मुलं एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, हे अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून मुलाला ‘एकलकोंडं’ ठरवणाऱ्या शाळेपासून दूर राहा.)

सरकारी अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. पैसे पडत नाहीत, गरम आहार मिळतो, मुलं शेजारपाजारची असतात, त्यामुळे मैत्री दुपारनंतरही टिकते. शिवाय भाषा घरातली. रुसणं, हिरमुसणं, धास्तावणं, ओशाळणं: आपल्याला काय होतंय हे मूल आधी याच शब्दांत सांगू शकतं. इंग्रजी नर्सरीत तेच मूल नुसतं रडतं, असं मी पाहिलं आहे. अडचण सेविकेच्या वेळेची आहे. पोषण आहार, लसीकरण, गृहभेटी, वजनाच्या नोंदी, सगळं तिच्याच डोक्यावर. त्यामुळे अंगणवाडी कागदावर जोखू नका. सकाळी अकराच्या सुमारास न सांगता जा. सेविका मुलांमध्ये बसलेली दिसली, तर फीवाल्या शाळेची धावपळ खुशाल सोडा.

आमची भाची एकुलती एक, फ्लॅटमध्ये वाढलेली. मोठ्यांशी फडाफडा बोलते, बरोबरीच्या मुलांसमोर मात्र गप्प. मॉन्टेसरीत ती शांतपणे काम करत राहिली असती, आणि तोंड उघडायची गरजच पडली नसती. म्हणून आम्ही वीस मुलांची एक बालवाडी घेतली. तिथल्या ताईंनी फॉर्म देण्याआधीच सांगितलं, ‘पहिला आठवडा आईने व्हरांड्यात बसायचं. रडली तर तुमच्याकडे येईल, मग परत आत जाईल. घाई नाही.’ बहिणीने तिथेच सही केली.