डीएम स्क्रीन, काही महिन्यांच्या वापरानंतर: काय झाकावे आणि काय उघडे ठेवावे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे (२०१४ सालच्या नियमांनुसार) एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एकच कथा, मी गेले काही महिने पुण्यात, घरच्याच टेबलावर चालवतो आहे, आणि पहिल्या सेशनपासून माझ्यासमोर जाड पुठ्ठ्याचा, चार घड्यांचा डीएम स्क्रीन उभा आहे, म्हणजे डीएमची (डन्जन मास्टर, कथा आणि शत्रू चालवणारा) टिपणे आणि फासे खेळाडूंपासून झाकणारा आडोसा. वस्तू म्हणून तो चांगला टिकला आहे. आतल्या बाजूला छापलेल्या मजकुरापैकी कंडिशन्सची (पात्राला आंधळेपणा, बेशुद्धी अशा अवस्थांत काय होते त्याची) यादी आणि अवघडपणाचा तक्ता (वीस-बाजूंचा फासा टाकून गाठायचा आकडा: सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०) यांच्याकडे माझी नजर सतत जाते. बाकीचे तक्ते जागा अडवतात, म्हणून त्यांच्यावर मी माझी टिपणे चिमट्याने लावली आहेत. परंतु स्क्रीन घ्यावा की नाही हा प्रश्न पुठ्ठ्याच्या दर्जावरून सुटत नाही. त्याच्या आड डीएम काय करतो आणि ते खेळाडूंना कितपत ठाऊक असते, यावरच तो सुटतो.

नकाशा, पुढच्या दालनात दबा धरून बसलेला शत्रू, सरदाराचा खरा हेतू या गोष्टी झाकलेल्या असाव्यात अशी खेळाडूंचीच इच्छा असते, कारण त्या शोधून काढण्यातच खेळ आहे. फाशाचे तसे नाही. खेळाडूने धोका पत्करून एखादा निर्णय घेतला असेल, तर त्या धोक्याचे माप फाशाने ठरते. तो निकाल पुठ्ठ्याआड गुपचूप बदलला गेला, तर निर्णय खेळाडूचा असूनही परिणाम मात्र डीएमच्या मर्जीचा होतो. या आवृत्तीचे २०१४ सालचे डीएमसाठीचे पुस्तक ही मुभा स्पष्टपणे देते: लागोपाठ दोन क्रिटिकल हिट (फाशावर वीस पडल्यामुळे नुकसानाचे दुप्पट फासे टाकायला लावणारे वार) बसून एखादे कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचे पात्र, मरणार असेल, तर दुसरा साधा हिट मानावा किंवा चुकलाही म्हणावे. असे वारंवार करू नये हा त्यातला सल्ला मला मान्य आहे. मात्र त्याचबरोबर खेळाडूंना याचा पत्ता लागू देऊ नये असेही तिथे सुचवले आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. आमच्या टेबलावर फासा फिरवला, म्हणजे पडलेला आकडा डीएमकडून बदलला, जाऊ शकतो हे सर्वांना आधीपासून माहीत असेल, तर तो त्या टेबलाचा नियम झाला. माहीत नसेल, तर ती फसवणूक आहे, मग हेतू कितीही प्रेमळ असो.

शिवाय फासा फिरवण्याची गरज वाटते तितकी नसतेच. पहिल्या लेव्हलच्या, ८ हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचे माप) असलेल्या विझार्डवर, म्हणजे जादूगारावर, गॉब्लिन या किरकोळ शत्रूचा क्रिटिकल बसला, तर नुकसान दोन सहा-बाजूंचे फासे अधिक २, म्हणजे फार तर १४ होते. विझार्ड कोसळण्याची शक्यता यात मोठी आहे, पण शून्यावर आल्यानंतर उरलेले नुकसान त्याच्या पूर्ण ८ हिट पॉइंटांइतके होऊच शकत नसल्यामुळे तो जागीच मरत नाही. त्यानंतर डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचतो का ते ठरवणाऱ्या वीस-बाजूंच्या फाशाच्या चाचण्या, सुरू होतात. १० किंवा अधिक पडले की यश, तीन यशांनी जीव स्थिर होतो आणि तीन अपयशांनी जातो. या अवधीत सोबत्यांना धावून जाता येते. आमच्या टेबलावरचे सर्वांत रंगलेले प्रसंग याच अवधीत घडले आहेत, आणि पहिलाच हिट मी लपवला असता तर ते घडलेच नसते.

म्हणून पहिल्याच सेशनला आम्ही बोलून ठरवले की हल्ला, नुकसान आणि सेव्ह (धोक्यातून वाचण्याची चाचणी) यांचे माझे फासे स्क्रीनच्या बाहेर, टेबलाच्या मध्यावर ठेवलेल्या ट्रेमध्येच पडतील. शत्रूचे हिट पॉइंट आड राहतात, पण लढाई सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहिलेले असतात. ओगर या धिप्पाड राक्षसाचे छापील हिट पॉइंट ५९ असले तरी शेजारी ७ दहा-बाजूंचे फासे अधिक २१ असे सूत्र दिलेले असते, त्यामुळे २८ ते ९१ यांमधला कोणताही आकडा नियमात बसतो. फक्त तो आधी निवडायला हवा. लढाई लवकर आटोपते आहे असे पाहून तो मध्येच वाढवणे म्हणजे फासा फिरवण्यासारखेच आहे, आणि ते पकडणे अधिक कठीण असते.

काही फासे मात्र आडच बरे. सराईवाला खोटे बोलतो आहे का, असे विचारणाऱ्या खेळाडूला स्वतःच्या फाशावर ३ दिसले, की ‘तुला तो प्रामाणिक वाटतो’ या माझ्या उत्तराला काहीच अर्थ उरत नाही. सापळे शोधण्याचेही तसेच. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत अशा चाचण्यांना ‘सीक्रेट’ अशी खूणच आहे आणि त्या खेळाडूच्या वतीने गेममास्टर (तिथला डीएम) टाकतो. ही पद्धत आम्ही उसनी घेतली. कोणत्या चाचण्या गुप्त आहेत हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे त्यांविषयी कधी कुरकूर झाली नाही.

उघड्या फाशांचा अनपेक्षित परिणाम खेळाडूंच्या वागण्यात दिसला. याआधी मी ज्या गटात खेळाडू म्हणून बसत असे, तिथे सगळे फासे पुठ्ठ्याआड पडत, आणि हळूहळू खेळाडूही आपला फासा इतरांनी पाहण्याआधीच उचलून आकडा सांगू लागले होते. एकाच्या मोबाइलमधल्या फाशावर तर विसाचा फारच लोभ होता. इथे मी कोणालाही सूचना केली नाही, तरी सर्वांचे फासे ट्रेमध्ये पडू लागले, आणि कडेला तिरका टेकलेला फासा पुन्हा टाकायचा हेही त्यांनी आपापसांत ठरवून घेतले. ट्रोल या राक्षसाच्या एरवी आपोआप भरणाऱ्या जखमा आग आणि ॲसिडमुळे भरून येत नाहीत हे जुन्या खेळाडूंना पाठ असते. तरीही आमच्या फायटरने (योद्ध्याचे पात्र घेतलेल्या खेळाडूने) दोन फेऱ्या नुसती तलवारच चालवली, कारण त्याच्या कॅरेक्टरने ट्रोल कधी पाहिलेला नव्हता. हे मी त्याच्याकडे मागितले नव्हते.

स्क्रीन घ्यायचाच असेल, तर आडव्या पानांचा घ्यावा. उभ्या पानांचा इतका उंच असतो की समोरच्याचा चेहरा दिसण्यासाठी मान वर करावी लागते, आणि डीएमचा हात ट्रेपर्यंत पोहोचायलाही अडचण होते. डीएम कोणतेही फासे टाकत नाही अशा, अपोकॅलिप्स वर्ल्डसारख्या खेळासाठी मात्र यावर पैसे खर्च करू नयेत. तिथे टिपणे झाकायला साधी वही पुरते.