शाई फुटली, तेव्हा कळलं

खेळाडूची सही आणून देतो म्हणणाऱ्याच्या हाती संग्रहातली खेळाडूंची छापील कार्डं सोपवणार असाल, तर आधी हे वाचा. माझ्या सात कार्डांबाबत फसवणूक झाली होती आणि दोन महिने मला पत्ताही नव्हता.

क्रोमसारख्या चकचकीत कार्डावर मार्करची शाई नीट धरत नाही. ती थेंबाथेंबाने गोळा होते, रेघ तुटक दिसते. म्हणून मी मऊ कापडावर चिमूटभर बेबी पावडर घेऊन सहीच्या जागेवर हलक्या हाताने फिरवतो आणि मग कणन्‌कण पुसून काढतो, कारण पावडर राहिली तर मार्करचं टोक खराब होतं. सातही कार्डं मी अशीच तयार करून दिली होती.

खेळाडूच्या खासगी सही-सत्राला जातोय, असं सही आणून देणारा तो माणूस म्हणाला. पैसे आगाऊ घेतले. कार्डं परत आली ती ठसठशीत निळ्या सहीची, सोबत त्याचंच छापील प्रमाणपत्र. मी हरखून गेलो आणि तशीच प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून ठेवली.

पुढे एकदा भिंग घेऊन बसलो. रूकी कार्डावरची, म्हणजे खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातल्या कार्डावरची, रेघ जागोजागी फुटलेली, कडेला बारीक बुडबुडे. मी पुसलेल्या कार्डावर हे व्हायलाच नको होतं! पोटात गोळा आला. पाठवण्याआधीचा फोटो काढून पाहिला. माझ्या कार्डाची पांढरी चौकट डावी-उजवीकडे सारखी होती, परत आलेल्या कार्डाची डावी पट्टी जेमतेम निम्मी. कोपरा प्रवासात दबू शकतो, छपाई कशी सरकेल? चार कार्डं बदललेली निघाली, नेमकी मोलाची.

उरलेली तीन माझीच होती. त्यांच्या सह्या स्कॅन करून एकावर एक ठेवल्या, तर केसाचाही फरक नाही. हाताने केलेल्या सह्या अशा तंतोतंत जुळत नाहीत. ऑटोपेनच्या, म्हणजे ठरलेली सही गिरवणाऱ्या यंत्राच्या, जुळतात.

विचारलं तर म्हणाला, "सही मिळाली ना?" त्यानंतर फोन उचललाच नाही.

विकणाऱ्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. सही पीएसए, जेएसए किंवा बेकेटसारख्या सह्या तपासणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडून तपासून घ्या. अमेरिकेत एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये पकडलेल्या टोळ्याही खोट्या सह्यांसोबत खोटी प्रमाणपत्रं देत होत्या. आणि कार्ड हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे, चारही कडांचे फोटो काढाच. क्रमांक छापलेला असेल तर तोही स्पष्ट दिसू द्या.

माझ्या रूकी कार्डाचा तो फोटो फोनमध्ये आहे. तसं कार्ड कुठे विक्रीला दिसलं, की मी आधी डावी पट्टी बघतो.