स्ट्रीमिंग अ‍ॅप्सची मदत-पानं: कोड देणारी पास, 'काहीतरी बिघडलं' म्हणणारी नापास

व्हिडिओ सुरू झाला नाही की बहुतेक अ‍ॅप्स तीच तीन वाक्यं पुढे करतात: इंटरनेट तपासा, अ‍ॅप बंद करून उघडा, तरी नाही जमलं तर काढून पुन्हा टाका. डोकं दुखो की पोट, पुडी एकच. या पुडीने कधीकधी गुण येतो आणि अडचण तिथेच आहे. बिघाड नक्की कुठे होता ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून या परीक्षणात सिनेमा-मालिकांचा साठा, दर, शिफारशी यांना हात लावलेला नाही. लॉगिन अडलं किंवा व्हिडिओ थांबला तर अ‍ॅप किती कामाची माहिती देतं, एवढंच पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. नेटफ्लिक्स पहिला, कारण बिघाड झाला की पडद्यावर येणारा त्याचा कोड बोलतो. 'एनडब्ल्यू-२-५' दिसला तर टीव्ही नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये. 'यूआय-८००-३' दिसला तर टीव्हीत साठलेली जुनी माहिती ताजी करायला हवी. पहिल्यासाठी राउटरकडे जायचं, दुसऱ्यासाठी राउटरला हात लावायचं कारण नाही. डिस्ने प्लसही आकडे देतं. त्यातला ३९ कामाचा आहे, संरक्षित व्हिडिओ दाखवायला टीव्ही किंवा केबलची अडचण आहे असं तो सुचवतो. ८३ मात्र डिव्हाइस न जुळण्यापासून जोडणीपर्यंत इतकं काही पोटात घेतो की त्यावरून दिशा मिळत नाही. प्राइम व्हिडिओने १०२२, ७०३१, ९०७४ असे कितीतरी आकडे एकाच पानावर बांधून सगळ्यांना सारखेच उपाय दिलेत. मग वेगवेगळे आकडे दिले कशाला? यूट्यूबचे संदेश मोघम असतात, पण त्याचं तपासणीचं साधन या चार सेवांत सगळ्यांत चांगलं आहे. त्याबद्दल पुढे.

आता मदत-पानांवर सहसा नसलेली गोष्ट. व्हिडिओ दिसायच्या आधी पाच टप्पे पार पडतात: खातं ओळखणं, त्या खात्याने हे पाहण्याची परवानगी तपासणं, व्हिडिओचं कुलूप उघडणारा परवाना आणणं, व्हिडिओचे तुकडे आणणं आणि ते पडद्यावर पोचवणं. 'इंटरनेट तपासा' हा उपाय प्रामुख्याने चौथ्या टप्प्याचा. अ‍ॅपमधली पोस्टरं नव्याने उमटतायत, शोध चालतोय, पण कुठलाच सिनेमा सुरू होत नाही, अशा वेळी तासभर राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही. घोडं बहुतेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात अडलेलं असतं. सगळे सिनेमे चालतात आणि एकच चालत नाही, तर दोष बहुतेकदा सेवेकडे असतो. तिथे घरी करण्यासारखं फारसं काही नसतं.

लॉगिनपासून सुरुवात करू. 'पासवर्ड चुकीचा आहे' हा संदेश आला की लोक पासवर्ड बदलतात. बदलण्याआधी दोन गोष्टी पाहा. फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलंय का आणि ईमेल पत्त्याच्या शेवटी मोकळी जागा चिकटली आहे का? सुचवलेला पत्ता बोटाने निवडला की ही जागा बरेचदा सोबत येते, डोळ्यांना दिसत नाही आणि काही अ‍ॅप्स ती छाटतही नाहीत. पासवर्ड बदललाच, तर अनेक सेवा बाकीच्या डिव्हाइसवरची लॉगिन्सही रद्द करतात, म्हणजे एका टीव्हीची अडचण घरभर पसरते. चुकीचा पासवर्ड लागोपाठ टाकत राहणं सगळ्यांत वाईट. काही प्रयत्नांनंतर सर्व्हर तात्पुरती दारं बंद करतो आणि मग बरोबर पासवर्डही नाकारला जातो. अशा वेळी अर्धा तास थांबावं.

याहून फसवा प्रकार म्हणजे लॉगिन होतं, पण अ‍ॅप म्हणतं तुमचं सदस्यत्वच नाही. बहुतेक वेळा पैसे बुडालेले नसतात, खाती दोन झालेली असतात. एक मोबाइल नंबरने उघडलेलं, दुसरं ईमेलने किंवा 'गुगलने पुढे जा' या बटणाने. पैसे एका खात्यात, लॉगिन दुसऱ्यात. पैसे भरल्याची पावती ज्या पत्त्यावर किंवा नंबरवर आली, तेच खरं खातं. सदस्यत्व अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं असेल, तर ज्या स्टोअर-खात्यातून घेतलं त्याच खात्याने फोनवर असताना 'खरेदी पुन्हा मिळवा' हा पर्याय दाबावा. मोठ्या सेवांचे संदेश सहसा 'या नंबरवर सदस्यत्व नाही, दुसऱ्या मार्गाने लॉगिन करून पाहा' इतकं साधं वाक्य ठळकपणे म्हणत नाही. कस्टमर केअरचे निम्मे फोन त्या एका वाक्याने वाचले असते, असा आमचा कयास.

टीव्हीवर कोड दाखवून फोनवरून लॉगिन करायची पद्धत मात्र खरंच चांगली आहे. ती आरएफसी ८६२८ या ऑगस्ट २०१९ च्या इंटरनेट मानकात लिहून ठेवलेली आहे. रिमोटने एकेक अक्षर टिपण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. फक्त कोड काही मिनिटांतच बाद होतो. फोनवर आधी लॉगिन करून ठेवा, कोड मागणारं पान उघडा आणि मगच टीव्हीवर कोड मागवा. उलट केलं, तर ओटीपी येईपर्यंत कोडची मुदत संपते आणि टीव्ही बापडा जुनाच कोड दाखवत बसतो. फोनवर 'कोड चुकीचा' आलं तर टीव्हीवर मागे जाऊन नवा कोड घ्या, तोच पुन्हा टाकू नका.

लॉगिनच्या कारणांत सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे घड्याळ. अ‍ॅप आणि सर्व्हरमधली सुरक्षित जोडणी प्रमाणपत्रांवर, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांवर, चालते आणि प्रत्येक प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. वीज बराच वेळ गेल्यावर काही जुने टीव्ही कित्येक वर्षं मागच्या तारखेवर जातात. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र त्यांच्या लेखी अजून लागूच झालेलं नसतं. वायफाय जोडलेलं दिसतं आणि तरीही एकही अ‍ॅप लॉगिन करू देत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' करा. ते आधीच आपोआप असेल तर एकदा हाताने बरोबर तारीख भरा, मग परत आपोआप करा. दोन मिनिटांचं काम, पण मदत-पानांवर हे सापडलंच तर अगदी तळाशी.

कधी घड्याळ बरोबर असतं आणि प्रमाणपत्रच संपतं. ३० मे २०२० ला 'अ‍ॅडट्रस्ट' या जुन्या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रं मानली जातात) मुदत संपली, तेव्हा रोकू या स्ट्रीमिंग यंत्रावरची काही चॅनेल्स अडली आणि कंपनीला सॉफ्टवेअर अपडेट करायला सांगावं लागलं. मार्च २०२५ मध्ये टीव्हीला लावायच्या गुगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधलं प्रमाणपत्र संपलं आणि चांगली चालणारी यंत्रं एका दिवसात 'अविश्वासू डिव्हाइस' ठरली. तेव्हा गुगलने स्पष्ट सांगितलं की फॅक्टरी रिसेट करू नका. ज्यांनी आधीच केला होता, त्यांना ते यंत्र पुन्हा सुरूच करता येईना. आपल्याकडचं यंत्र आणि तेच मॉडेल वापरणाऱ्या इतरांचंही एकाच दिवशी बंद पडलं असेल, तर काहीही पुसू नका. अपडेटची वाट पाहा.

आता प्लेबॅक. नेटच्या वेगाबद्दल थोडक्यात: नेटफ्लिक्स ७२० पी साठी ३, १०८० पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, डिस्ने प्लस ४के साठी २५. इतका वेग आजकाल दुर्मीळ नाही. चूक होते ती मोजण्यात. वेग मोजला जातो राउटरशेजारी बसून फोनवर आणि सिनेमा पाहिला जातो दोन भिंती पलीकडच्या टीव्हीवर. वेग टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये मोजा. फास्ट डॉट कॉम त्यासाठी उत्तम, कारण ते नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सर्व्हरवरून मोजतं. टीव्हीला केबल लावता येत असेल तर लावा. अनेक टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण ४के ला तो भरपूर आहे.

नेट हळू असेल तर चित्र आधी धूसर होतं, मग थांबतं. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि वेग घसरला की अ‍ॅप कमी दर्जाचा तुकडा मागतं. चित्र शेवटपर्यंत लख्ख राहून अचानक कोड येत असेल, तर संशय आधी नेटच्या वेगावर घेऊ नका. इथे यूट्यूबचं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' कामाला येतं. जोडणीचा वेग, पुढे किती सेकंद साठलेत आणि किती फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं) गळल्या, हे सगळं चालू व्हिडिओवर दिसतं. साठा भरपूर आणि तरी फ्रेम गळतायत, तर नेट ठीक आहे, यंत्राचा दम कमी पडतोय. साठा शून्यावर येतोय, तर नेट. नेटफ्लिक्सही कंप्यूटरवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी एकत्र दाबलं की असंच पान दाखवतं. मग ते मदत-पानाच्या पहिल्या ओळीत का नसावं?

तिसरा टप्पा, म्हणजे परवाना, हा सगळ्यांत गुंतागुंतीचा आणि मदत-पानांवर सगळ्यांत कमी समजावलेला. सिनेमे कुलूपबंद येतात. कुलूप उघडायचं काम अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये वाइडवाइन करतं, अ‍ॅपलकडे फेअरप्ले, मायक्रोसॉफ्टकडे प्लेरेडी. वाइडवाइनचे स्तर असतात. एल१ मध्ये कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं, एल३ मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. फोनवर एल३ असेल तर सेवा सहसा एचडी देत नाहीत. म्हणून नवा कोरा फोन, झकास पडदा, वेगवान नेट आणि तरी चित्र ४८० पी वर अडकलेलं, असं झालं तर अ‍ॅपच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये वाइडवाइनचा स्तर पाहा. बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडला किंवा फोन रूट केला, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा घेतला, की काही मॉडेल एल३ वर घसरतात. अशा फोनवर काही अ‍ॅप्स स्टोअरमध्ये दिसतही नाहीत. अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्याने स्तर वर येत नाही.

ब्राउझरमधलं वाइडवाइन जुनं झालं की व्हिडिओच्या जागी कोड येतो. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि 'कंपोनंट्स' असं इंग्रजीत टाइप केलं की यादी उघडते. त्यात वाइडवाइनसमोर अपडेट तपासायचं बटण आहे. ते दाबा आणि क्रोम पूर्ण बंद करून उघडा. फायरफॉक्समध्ये डीआरएम, म्हणजे असे कुलूपबंद व्हिडिओ, चालवायची परवानगी सेटिंगमध्ये वेगळी असते, ती बंद नाही ना ते पाहा.

आवाज येतो, पडदा काळा. हे लक्षण दिसलं तर बहुतेक वेळा एचडीसीपी, म्हणजे केबलवरच्या चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण, अडलेलं असतं. एचडीएमआय केबलच्या दोन टोकांवरची यंत्रं एकमेकांची ओळख पटवतात. मध्ये स्प्लिटर, जुना साउंडबार किंवा होम थिएटरचा डबा आला आणि तो ओळख देऊ शकला नाही, तर चित्र अडवलं जातं. ४के साठी एचडीसीपी २.२ सहसा साखळीतल्या प्रत्येक यंत्राला लागतं, एकानेही चालत नाही म्हटलं की संपलं. मधलं सगळं काढा आणि स्ट्रीमिंग स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला लावा. चित्र आलं तर एकेक वस्तू परत जोडा. टीव्हीचे सगळे एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात, म्हणून दुसरा पोर्टही पाहा. स्क्रीन रेकॉर्डर चालू असताना काळा पडदा दिसणं हा बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे.

दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे परवानगीतली, गर्दी ओळखायला सोपी. एकाच वेळी किती पडद्यांवर पाहता येईल याला मर्यादा असते, उदाहरणार्थ नेटफ्लिक्सच्या स्टँडर्डवर दोन आणि प्रीमियमवर चार. टीव्ही रिमोटने बंद केला तरी काही वेळा सेवेच्या नोंदीत तो पडदा थोडा वेळ चालूच राहतो. आधी सिनेमातून मागे यावं, मग टीव्ही बंद करावा. जाहिरातवाल्या योजनेत सिनेमा पहिल्याच सेकंदाला अडत असेल, तर जाहिराती गाळणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) किंवा ब्राउझरचा अ‍ॅडब्लॉकर पाहा. जाहिरात येत नाही म्हणून पुढचंही येत नाही.

उपायांचा क्रम मदत-पानं उलटा लावतात, तो असा हवा. आधी टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, बंद नसतो. प्लग काढल्यावर टीव्हीचं स्वतःचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, एक मिनिट थांबा, मग लावा. नंतर अ‍ॅपची कॅशे (तात्पुरता साठा) पुसा, याने लॉगिन जात नाही. त्यानंतरच डेटा पुसा. याने लॉगिन जातं आणि डाउनलोडही उडतात, तेव्हा पासवर्ड माहीत आहे याची आधी खात्री करा. अ‍ॅप अपडेट होत नसेल तर टीव्हीची साठवण पाहा, स्वस्त टीव्हीत ती फक्त ८ जीबी असू शकते आणि तिचा मोठा भाग सिस्टीमच खाते. नेटफ्लिक्स टीव्हीवर अडकून मेनूच उघडत नसेल तर रिमोटचे बाण वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, वर, वर, वर, वर असे दाबा. साइन आउट आणि रिसेटचे पर्याय समोर येतात. ही युक्ती मदत-पानावर आहे, पण सहज नजरेत येत नाही.

एवढं करून कस्टमर केअरशी बोलायची वेळ आलीच, तर चॅटच्या पहिल्याच संदेशात हे लिहा: पूर्ण कोड, बिघाड झाला ती वेळ, टीव्हीचं किंवा फोनचं मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती, तोच सिनेमा त्याच वायफायवर दुसऱ्या यंत्रावर चालतो का आणि तेच यंत्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं का. शेवटच्या दोन उत्तरांवरून नेट की यंत्र याचा निकाल लागतो आणि समोरच्याला 'राउटर बंद करून पाहिलात का' हे विचारायला जागा राहत नाही.