घरच्या घरी सायकल दुरुस्ती: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

पुण्यात रोज ऑफिसला सायकलवर जातो. गिअरची हायब्रीड, मागे सात गिअर, 700 बाय 35 (व्यास आणि रुंदी, मिमीमध्ये) चे टायर, व्ही ब्रेक म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे. गेल्या उन्हाळ्यात टूलकिट मागवलं आणि तेव्हापासून पंक्चर, ब्रेक, केबल, चेन सगळं घरीच बघतोय. एक अख्खा पावसाळा त्यावर गेलाय म्हणजे आता खात्रीने लिहिता येईल.

आधी किटबद्दल. मोठा डबा घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. खूप तुकडे असतात, दिसायला भारी, पण माझ्या डब्यातले पाने मऊ निघाले, घट्ट नटवर जोर दिला की नटच्या कडाच झिजायला लागतात. त्यापेक्षा सुटं घ्या आणि चांगलं घ्या: 4, 5, 6 मिमीच्या एलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टच्या किल्ल्या), पेडलसाठी 15 मिमीचा पाना, टायर रिमवरून उचकटायचे प्लास्टिकचे टायर लिव्हर, चेनची पिन काढायचा चेन ब्रेकर आणि गेजवाला उभा पंप. माझं बहुतेक काम एवढ्यातच भागतं.

त्यातही पहिला पंप घ्या. टायरच्या बाजूला प्रेशर छापलेलं असतं ते वाचा आणि गेज बघून भरा, अंगठ्याने दाबून काहीच कळत नाही, 40 पीएसआयला (हवेच्या दाबाचं एकक) पण टायर कडकच लागतो. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, असं पंक्चर दिसलं तर काटा शोधत बसू नका, हवाच कमी होती. दर आठवड्याला हवा भरायला लागल्यापासून ही भानगड माझ्याकडे बंद आहे.

पंक्चर काढणं सोपंय, फक्त घाई नको. भोकाभोवतीचा भाग पॉलिशपेपरने घासायचा, सोल्युशन पातळ लावायचं आणि ते सुकू द्यायचं, बोटाला ओलं लागायचं बंद झालं की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच थोड्याच दिवसांत सुटतो. आणि ट्यूब परत आत घालायच्या आधी टायर आतून नक्की तपासा. मी कापसाचा बोळा आतून गोल फिरवतो, जिथे काही टोचतंय तिथे कापसाचे धागे अडकतात. हायवेला सर्व्हिस रोडवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत पण कापसाला बरोबर सापडतात. ती तार पकडीने ओढून काढली नाही तर नवी ट्यूब पण दुसऱ्या दिवशी बसलेली असते.

आता चेन, माझ्या मते या सगळ्या शिकण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो पण पत्र्या ताणल्या जात नाहीत, आतल्या पिना आणि त्या जिथे फिरतात ती जागा झिजते आणि चेन लांब होते. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे नव्या चेनमध्ये 24 पिना पुढे गेलं की बरोबर 12 इंच. साधी स्टीलची पट्टी लावा, शून्य एका पिनेवर. तिथून 24 वी पिन 12 च्या खुणेपुढे 1/16 इंच गेली की चेन बदला, 1/8 गेली असेल तर मागच्या गिअरचे दाते पण बहुतेक गेलेले असतात, मग नवी चेन त्यावर घसरते आणि दोन्ही बदलावं लागतं. दाते वाचवायचे तर पट्टी वापरा, दर महिन्याला दोन मिनिटं लागतात.

पावसाळ्यात खरी परीक्षा होते. भिजून आलं की चेन फडक्याने पुसायची, कोरडी झाली की प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल, पेडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल परत पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेर राहिलं तर वाळू चिकटते आणि पॉलिशपेपरसारखी घासत बसते. गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून मारू नका, तो नटबोल्टसाठी ठीक आहे. ब्रेकमधून खरखर आवाज आला की ब्रेकचे रबरी ब्लॉक काढून बघा, रबरात खडी किंवा अॅल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले दिसतील, ते सुईने उपसून काढा, नाहीतर रिमला खोल चरे पडतात आणि रिम म्हणजे मोठा खर्च.

एक लक्षात ठेवाच: डाव्या पेडलला उलटे आटे असतात. दोन्ही पेडलं सोडवताना पाना सायकलच्या मागच्या बाजूला फिरतो आणि बसवताना पुढच्या बाजूला. आधी हाताने आटे लावून घ्या, ग्रीसचं बोट फिरवा आणि मगच पाना लावा. क्रॅंकचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्याचे, आटे गेले तर काम वाढतं.

चाकाचा आउट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, मी अजूनही पेठेतल्या काकांकडेच जातो. आऱ्यावर हात ठेवून ते जे ओळखतात ते मला व्हिडिओ बघून जमणार नाही, आणि त्यांचे पैसे मी आनंदाने देतो. ते करताना उभं राहून बघू देतात, विचारलं तर सांगतात, त्यातून हबबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाबद्दल, बरंच कळलं. आता तो खोलायचा पातळ पाना, कोन स्पॅनर, आणलाय. मागच्या हबला बहुतेक पाव इंची छर्रे असतात, एका बाजूला 9, पुढच्याला 3/16 इंची, एका बाजूला 10. दिवाळीच्या सुट्टीत आधी पुढचं चाक खोलणार, गिअर नाहीत म्हणून ते सोपं.