नॅस सुरूच होत नाही? मीन वेलच्या १२ व्होल्ट ५ अँपिअर अडॅप्टरबद्दल

दोन डिस्कचा घरगुती नॅस (घरच्या नेटवर्कवर फायली साठवणारा डबा) बटण दाबूनही ढिम्म बसला, की बहुतेक जण तो तसाच उचलून दुरुस्तीला नेतात आणि 'बोर्ड गेला' हे ऐकून परत येतात. त्याआधी अडॅप्टर तपासा. टीव्हीच्या कपाटामागे, राउटरच्या शेजारी, वारा नसलेल्या जागी तो चोवीस तास तापत असतो. त्यात मुंबईची दमट हवा. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) हळूहळू वाळतात आणि मग भार आला की व्होल्टेज कोसळतं.

नुसता मल्टीमीटर लावून हे कळत नाही, आणि इथेच माणसं फसतात. मरायला टेकलेला अडॅप्टरही रिकामा असताना १२ व्होल्ट दाखवतो. ३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, दोन डिस्क मिळून ४. म्हणून अशा नॅससोबत ५ अँपिअरचा अडॅप्टर येतो. डिस्क काढल्यावर नॅस सुरू होत असेल आणि घातल्यावर दिवा लागून विझत असेल, तर दोष जवळजवळ नक्की अडॅप्टरचा. (डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर तिच्या कप्प्याचा क्रमांक लिहा. हे विसरू नका.)

खात्री करायची तर गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब आणा. एक बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, समांतर जोडलेले दोन साडेतीन. आधी एक जोडा, तो पेटला की दुसरा. पाच मिनिटं व्होल्टेज ११.४च्या वर टिकलं तर अडॅप्टर ठीक. झरझर खाली आलं, किंवा अडॅप्टर टिक-टिक करत बंद-चालू होऊ लागला, तर तो बदलायचा. हेडलाइटचा बल्ब मात्र वापरू नका. थंड तार सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे चांगला अडॅप्टरसुद्धा संरक्षणात जाऊन बंद पडतो.

मूळ कंपनीचा अडॅप्टर मिळत असेल तर तोच घ्या. नाही मिळाला तर मीन वेल या कंपनीचा जीएसटी६०ए१२-पी१जे डोळे झाकून घ्यावा, असं आमचं मत आहे. ६० वॅट, आणि ५ अँपिअर लिहिलंय म्हणजे खरोखर ५ अँपिअर. ८५ ते २६४ व्होल्टपर्यंत चालतो, वॉरंटी ३ वर्षांची. मागे कॉम्प्युटरच्या मॉनिटरला लागते तीच तीन पिनांची केबल बसते. जुन्या इमारतींत सॉकेटला अर्थिंग आहे ना, तेवढं आधी पाहून घ्या.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांसाठी विकले जाणारे स्वस्त '१२ व्होल्ट ५ अँपिअर' अडॅप्टर नॅसला लावू नयेत. कॅमेऱ्यांचा भार सपाट असतो, डिस्कचा झटका या अडॅप्टरांना पेलत नाही. दुकानदाराने हरकत घेतली नाही तर काउंटरवरच बल्ब लावून बघा. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात.

या अडॅप्टरची अडचण एकच, प्लगची. पी१जे म्हणजे बाहेरून ५.५ आणि आतून २.१ मिलिमीटर, मधली पिन धन. नॅसच्या सॉकेटमधली पिन २.५ मिलिमीटरची असेल तर हा प्लग आत जाणारच नाही. उलट, २.१च्या पिनेवर २.५चा प्लग सैल बसतो, ठिणग्या उडतात आणि नवा अडॅप्टर असूनही तोच आजार परत दिसतो. जुना प्लग सोबत न्या. सॉकेटमध्ये हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

चार डिस्कच्या नॅसला हा पुरत नाही. त्यासाठी याच घराण्यातला जीएसटी१२०ए१२-आर७बी आहे, साडेआठ अँपिअरचा, चार पिनांच्या गोल प्लगचा. तो लावण्याआधी कुठल्या पिना धन आणि कुठल्या ऋण, हे जुन्या अडॅप्टरवर मीटरने ताडून पाहा. दिसायला सारख्या प्लगांची जोडणी वेगळी असू शकते, आणि एक चूक बोर्ड जाळते.

वीज जाऊन आल्यावर नॅस फक्त बंदच राहिला, पण बटण दाबल्यावर व्यवस्थित उठला, तर काही बिघडलेलं नाही. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद आहे, ती चालू करा.

अडॅप्टर बदलूनही निळा दिवा नुसता लुकलुकत राहिला, तर यूएसबीची उपकरणं आणि वरून टाकलेली रॅम काढून पुन्हा प्रयत्न करा. सिनॉलॉजी कंपनीचा डीएस४१५ प्लस हा नॅस असेल तर आशा कमी. त्यात इंटेलचा अ‍ॅटम सी२५३८ आहे आणि त्या सी२००० मालिकेतला घड्याळ-सिग्नलचा दोष इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला. तिथे कुठलाच अडॅप्टर उपयोगी पडत नाही. अशा वेळी डिस्क त्याच क्रमाने दुसऱ्या सुसंगत सिनॉलॉजीत घाला किंवा उबुंटूवर वाचा. विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि त्याने 'इनिशियलाइज' (डिस्क कोरी समजून नव्याने मांडणं) करू का विचारलं, तर नाही म्हणा.